आभाराआधी हिशेब

गेली काही वर्षं गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ऊसपट्ट्यात एक तक्रार ऐकू येते. सोसायटीच्या ओट्यावर येते, कारखान्याच्या गट ऑफिसात येते, अलीकडे सप्ताहाच्या कीर्तनातही येऊ लागली आहे. ऊसतोड मजूर कृतघ्न झाला, अशी ती तक्रार. दिवाळीआधी लाखाची उचल घेतो आणि निम्म्या हंगामात रातोरात कोप मोडून पळतो. रेशनचं धान्य फुकट मिळतं, बायकोच्या खात्यावर महिन्याला दीड हजार पडतात, मग कोयता कशाला हातात धरील? पूर्वीचा गडी खाल्ल्या मिठाला जागायचा, आताच्याला मिठाची चाड नाही आणि देवाची भीती नाही. त्यावर कीर्तनकार महाराजांची पुस्ती अशी, की समाधान हेच खरं धन. सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला, तसा मजुराने फडात पाहावा आणि हाताला काम देणाऱ्याचे उपकार मानावेत.

मी स्वतः ऊस लावतो. पंढरपूर तालुक्यात जमीन आहे, सहकारी कारखान्याचा सभासद आहे, घरात आजोबांपासून तुळशीची माळ आहे. तक्रार करणारे माझे भाऊबंद आहेत आणि ज्या संतांचा दाखला ते देतात ते माझ्याही घरचे आहेत. म्हणूनच उत्तर देणं मला भाग आहे. मजुराने उपकार मानावेत असं आपण त्याच्यासाठी काही केलेलं नाही. देणं आपल्याकडे थकलं आहे, आणि ते फेडायचं सोडून आपण त्याच्याकडून आभार मागतो आहोत.

तक्रारीत खरं किती, ते आधी पाहू. टोळ्या पळतात, हे खरं आहे. काही मुकादम दोन-दोन ठिकाणी उचल घेतात, हेही खरं. त्यात बुडतो तो बहुतेक वेळा ट्रॅक्टरवाला. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार त्याच्याशी करतो, बँकेचं कर्ज त्याच्या नावावर निघतं, ती रक्कम तो बीड, जालना, पाथर्डीकडच्या मुकादमाला देतो आणि मुकादम ती कोयत्यांना, म्हणजे तोडणाऱ्या जोड्यांना, वाटतो. टोळी आली नाही की मुकादमाचा फोन बंद होतो आणि बँकेची नोटीस ट्रॅक्टरवाल्याच्या दारावर येते. त्यापायी जमीन विकलेली घरं आमच्या भागात आहेत. त्यांचं दुःख मी हलकं लेखत नाही. पण त्यांना या संकटात घातलं कोणी, हा प्रश्न कोणी धसास लावत नाही. ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडणाऱ्या माणसाच्या कागदावर कारखान्याची सही कुठेच नसते. तो हजेरीपटावर नसतो. मुकादमाने कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, याची पावती ना देणाऱ्याकडे असते ना घेणाऱ्याकडे. कारखान्याने जोखीम ट्रॅक्टरवाल्यावर ढकलली, ट्रॅक्टरवाल्याने मुकादमावर, मुकादमाने कोयत्यावर. कोयत्याला पुढे ढकलायला कोणीच उरत नाही. सगळी साखळी तोंडी शब्दावर बांधायची आणि तुटली की शेवटच्या कडीला बेइमान म्हणायचं, हा न्याय नव्हे.

खुशालीचंही तसंच आहे. एकरी काही हजार रुपये हातावर ठेवल्याशिवाय टोळी फडात उतरत नाही, म्हणून शेतकरी चिडतो. मीही ते पैसे दिले आहेत आणि देताना मलाही राग आला आहे. पण रागाच्या भरात एक गोष्ट निसटते. कारखान्याच्या दरात जी मजुरी बसत नाही, तिचाच एक तुकडा आपण वहीबाहेर, पावतीशिवाय भरतो आहोत. त्यातला किती मुकादमाच्या खिशात राहतो आणि किती कोयत्यापर्यंत जातो, हे आपल्यालाही कळत नाही. दर पुरेसा असता आणि तो सरळ मजुराच्या खात्यावर गेला असता, तर खुशाली मागायला फार थोड्यांचं तोंड उघडलं असतं.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण रोज बांधावरून जाणाऱ्यालाही ते पुरतं दिसतं असं नाही. पहाटे चारला जोडी फडात शिरते. दवाने भिजलेलं पाचट ब्लेडसारखं लागतं. नवरा बुडातून तोडत पुढे सरकतो, बायको पाला काढते, वाढं छाटते, त्याच वाढ्याच्या बंदाने मोळी बांधते. वाढ्याच्या पेंढ्या रस्त्याकडेला विकून रोजचं मीठमिरची भागते, कारण मजुरी हातात येत नसते, ती उचलीत वळती होत असते. दुपारी कोपीवर जाऊन पोराला पाजायचं, परत यायचं. आणि संध्याकाळी काम संपत नाही, कारण ट्रॅक्टर कधी येईल ते कारखान्याच्या गव्हाणीवर ठरतं. रात्री अकराला आला तर अकराला ट्रॉली भरायची. ट्रॉलीला एक अरुंद फळी टेकवलेली असते. डोक्यावर मोळी घेऊन बाई त्या फळीवरून चढते, मोळी टाकते, वळते, उतरते, पुन्हा चढते. उजेड फक्त ट्रॅक्टरच्या दिव्याचा. फळीला कठडा नसतो. पाय घसरला तर खाली ट्रॉलीचं लोखंड असतं. सातव्या महिन्यातल्या बाईलाही मी त्या फळीवरून चढताना पाहिलं आहे.

एवढं करून दोघांचा मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तुटतो. जानेवारी २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. म्हणजे भरपूर ऊस तुटला त्या दिवशी जोडीचे सातशे, माणशी साडेतीनशे. आणि हे ३४ टक्के वाढल्यानंतरचं. त्याच उसाची केंद्राने २०२५-२६ साठी ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. मी वर्ष-दीड वर्ष ऊस सांभाळतो, खत-पाण्याचा खर्च करतो, त्यामुळे माझा वाटा मोठा असणं मी समजू शकतो. पण तोडणाऱ्या दोन माणसांना मिळून जेमतेम दशांश, आणि तोही रात्रीची भराई धरून, हे गणित मी कोणत्याही देवासमोर उभं राहून रास्त म्हणू शकत नाही.

त्यातही मला रकमेपेक्षा जास्त खटकतं ते दुसरंच. शेतकऱ्याच्या उसाला कायद्याचा आधार आहे. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखान्याने थकवलं की आपण साखर आयुक्तांच्या दारात पुण्याला जाऊन बसतो, जप्तीचे आदेश काढायला लावतो. योग्यच करतो. मजुराच्या पैशाला असे चौदा दिवस नाहीत. त्याचा हिशेब हंगाम संपल्यावर, मुकादमाच्या वहीवर, मुकादमाच्या अक्षरात.

दोन हंगामांमागे माझ्या फडात गेवराईकडची एक टोळी होती. काट्यावरची पावती माझ्या नावाने निघते, मोबाइलवर वजनाचा मेसेज मला येतो. एका संध्याकाळी त्यातली एक बाई बांधावर आली. सोबत तिची मुलगी, सहावीतली असावी, हातात चौकटीची वही.

"भाऊ, आज काट्यावर किती भरलं ते सांगता का? पोरीच्या वहीत लिवायचंय."

"मुकादम सांगत नाही का, ताई?"

"सांगतो की. त्याचं तो सांगतो. आमच्या हाती कुठं चिठ्ठी येती?"

मी वजन सांगितलं. मुलीने तारखेपुढे लिहिलं. वहीत आधीची पानं भरलेली होती, प्रत्येक दिवसासमोर आकडा. काही दिवसांपुढे आकडा नव्हता, नुसता "खाडा" लिहिला होता. खाडा म्हणजे काम चुकल्याचा दिवस. मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो, काही टोळ्यांत पाचशे रुपये. मी सहज म्हणालो, आजारी होता का? बाई काही बोलली नाही. मुलगीच म्हणाली, "आईचं पोट दुखत होतं."

त्या वहीला कायद्यात काही किंमत नाही. हंगाम संपताना मुकादमाच्या वहीतला आकडा आणि चौकटीच्या वहीतला आकडा जुळला नाही, तर चालणार मुकादमाचाच. पण ज्या बाईला आपण बेइमान म्हणतो, ती पोरीला हाताशी घेऊन एकेका टनाचा हिशेब ठेवत होती, आणि ज्यांच्याकडे सगळी यंत्रणा आहे त्यांना तिच्या हातात पावतीची एक प्रत द्यावीशी वाटली नाही. इमानाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती कोणाची घ्यायची, हे यावरून ठरवावं.

खाड्याचा हा दंड बायकांच्या अंगावर किती खोल गेला आहे, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यामागे डॉक्टरांची हाव होती, अज्ञान होतं, फडात मोरी-संडास नसल्याने होणारे आजार होते. पण पाळीत दिवस बुडू नये, खाडा पडू नये, ही भीतीही होती. तिशीतली बाई स्वतःच्या शरीराचा अवयव काढून टाकायला तयार होते, आणि आपण तिच्या टोळीला कामचुकार म्हणतो. हे म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

आणि एवढं करून मुकादमाच्या वहीत तिचं नाव नसतं. वही नवऱ्याच्या नावाने, उचल नवऱ्याच्या हातात, कोयता मात्र जोडीचा. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला उचल निम्मी. म्हणून मजुरांच्या गावांकडे पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं: जोडी झाली की कोयता पुरा, कोयता पुरा की उचल पुरी. डहाणू-तलासरीकडे एकेकाळी लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली जोडपी सावकाराच्या घरी आयुष्यभर राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ती वेठ मोडली. आपल्याकडे क्रम उलटा झाला. तिथे लग्नासाठी कर्ज होतं, इथे कर्जासाठी लग्न होतं.

उचलीला उपकार म्हणणाऱ्यांनी एक कायदा वाचावा. वेठबिगारी पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रक्कम देऊन त्या मोबदल्यात माणसाचं दुसरीकडे काम धरण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य काढून घेणं, ही त्या कायद्याच्या नजरेत वेठबिगारी आहे. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हीदेखील घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच आहे. तेव्हा उचल फिटेपर्यंत मजुराला कोपीवरून हलू न देणं ही मुकादमाची जबरदस्ती एवढंच नाही, तो गुन्हा आहे. आणि त्या गुन्ह्यावर उभा राहिलेला व्यवहार उपकार ठरू शकत नाही.

आता श्रद्धेकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त दुःख तिथे झालं आहे.

सावता महाराजांचा दाखला देणाऱ्यांनी अरणला जाऊन यावं, आमच्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. सावतोबांनी मळ्यात देव पाहिला, खरं आहे. पण मळा त्यांचा होता. रोप त्यांनी लावलं, पाणी त्यांनी धरलं, भाजी त्यांनी खुडली. कधी थांबायचं आणि कधी टाळ हाती घ्यायचा, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. ज्या बाईचा ऊस नाही, दिवस नाही, पोट दुखल्यावर बसून राहण्याचाही हक्क नाही, तिला सावतोबांच्या शब्दांनी गप्प करणं म्हणजे सावतोबांनाच मुकादमाच्या कामाला लावणं आहे. कामात देव आहे यावर माझाही विश्वास आहे. पण तो तिथे असेल, तर त्या कामाची मजुरी बुडवणारा देवाचंच बुडवतो, हेही त्याच तोंडाने सांगायला हवं.

ज्या संताची आठवण ऊसतोडीच्या बाबतीत पहिली व्हायला हवी, त्यांचं नाव मात्र या कीर्तनात येत नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला जे मजूर धरले होते त्यांत ते होते. कूस कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांसोबत त्याखाली गाडले गेले. पुढची कथा प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे: नामदेव महाराज गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम उमटत होतं ती ओळखून त्यांनी पंढरीला आणली, आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आपण त्या समाधीवर डोकं टेकवतो. पण मला नेहमी त्या ढिगाऱ्यातल्या बाकीच्या हाडांचं काय झालं, हे विचारावंसं वाटतं. तीही मजुरांचीच होती. त्यांना कामावर कोणी आणलं होतं, मजुरी ठरली होती की नाही, कूस कच्चं आहे हे माहीत असून बांधायला लावलं होतं का, मागे राहिलेल्या बायकापोरांना कोणी काय दिलं? आपल्या परंपरेतला एक थोर संत कामाच्या जागी, इमारत अंगावर पडून गेला. सातशे वर्षं ही गोष्ट आपण नामाचा महिमा म्हणून सांगत आलो. ती मजुराच्या जिवाची गोष्ट म्हणूनही सांगितली असती, तर ट्रॉलीच्या फळीला कठडा बसवायला आपल्याला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागली नसती.

आणि तुकोबा. गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, हे आपण डोळे पुसत ऐकतो. त्याच नदीत त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी काही बुडवलं होतं. वडिलांपासून चालत आलेल्या सावकारीची खतं. दुष्काळाने माणसं मोडली होती, देणेकऱ्यांकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊ कान्होबाचा निम्मा वाटा त्यांनी त्याच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. ती खतं वर आली नाहीत, आणि कोणी ती वर यावीत म्हणून उपोषणाला बसलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने उचल नदीत सोडावी असं मी म्हणत नाही. त्याचंच घर कर्जात आहे. पण वारकरी म्हणवणाऱ्या माणसाने कर्जाला धर्माचं बळ पुरवू नये, एवढं तुकोबांच्या त्या एका कृतीवरून कळायला हरकत नव्हती. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. घाम वाळायच्या आत द्यावी, असं मुसलमान शेजारी सांगतात. यातल्या कोणत्याही धर्मात मजुराने आधी आभार मानावेत, मग पैसे मिळतील, असं लिहिलेलं मला सापडलं नाही.

मजुराला श्रद्धा नाही, हे तर धडधडीत खोटं आहे. दसऱ्याला भगवानगडावर, सावरगावला जाणारी गर्दी कोणाची असते? खंडेनवमीला कोयत्याला हळद-कुंकू लावून, दिवाळीचा दिवा मुलांना आजीपाशी लावायला सांगून ही माणसं गाडीत बसतात. आमच्या फडात पहिला ऊस तोडायच्या आधी नारळ फोडतात. त्यांच्या श्रद्धेत खोट नाही. तिचा उपयोग करून घेणाऱ्यांच्या हेतूत आहे.

आता काही चांगल्या माणसांना माझं म्हणणं पटेल, पण त्यांचा मार्ग वेगळा असतो. ते म्हणतात, बरोबर आहे, मजुरांबद्दल आपणच कृतज्ञता दाखवू. मग कोपीवर फराळ वाटतात, संक्रांतीला साड्या देतात, थंडीत ब्लँकेट देतात, फोटो काढतात. ब्लँकेटने ऊब मिळते, मी त्याला नावं ठेवत नाही. पण आपल्याला हेच कोणी केलं असतं तर? ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिककडे १९८० मध्ये शरद जोशींनी रस्ते आणि रेल्वे अडवल्या, तेव्हा शेतकऱ्याने फराळ मागितला नव्हता. घामाचं दाम मागितलं होतं. आजही जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला हजारोंनी माणसं जातात ती दर मागायला जातात. कारखान्याच्या अध्यक्षांनी एफआरपीऐवजी आपल्याला साड्या आणि आभाराचं पत्र दिलं असतं, तर आपण ते पत्र त्यांच्याच दारात फाडलं असतं. दया आणि दाम यांतला फरक महाराष्ट्रात शेतकऱ्याइतका कोणी जाणत नाही. तोच शेतकरी आपल्या फडातल्या माणसाला दाम न देता दया घे म्हणतो, तेव्हा त्या चळवळीतून आपण काय शिकलो, हा प्रश्न मला पडतो.

"पण शेतकऱ्याला तरी कुठे परवडतं?" हा पुढचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वजा होतो. मजुरी वाढली की शेतकऱ्याची पट्टी कमी होते. या मांडणीमुळेच शेतकरी आणि मजूर एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत, आणि हे आपोआप झालेलं नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उसाच्या महसुलाचं वाटप सुचवलं, तेव्हा त्यात दोनच वाटेकरी होते: शेतकरी आणि कारखाना. तोडणारा त्या कागदावर नव्हता. साखर, मळी, बगॅस, वीज, इथेनॉल, या सगळ्यांच्या पैशात त्याचा कोयता आहे, वाट्यात मात्र तो नाही. भांडायचं असेल तर तिसरा वाटेकरी मान्य करून घेण्यासाठी भांडू. माझ्या पट्टीतून आणि त्याच्या पोटातून एकाच वेळी कापणाऱ्या मांडणीचा राग मी त्याच्यावर काढणार नाही.

फुकट धान्य आणि लाडकी बहीण यांनी मजूर आळशी झाला, या आरोपाला थोडक्यात उत्तर पुरे. महिन्याचे १,५०० रुपये म्हणजे दिवसाचे पन्नास. पन्नास रुपयांच्या आधारावर एखादी बाई तुमचं काम नाकारू शकत असेल, तर त्या कामात काय होतं ते तपासा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने रोजगार हमी आणली, तेव्हाही बागायतदार कुरकुरले होते, की आता गडी मिळणार नाहीत. मिळाले. फक्त उपाशी गड्याला देता येणाऱ्या मजुरीत मिळाले नाहीत. नाही म्हणण्याची ताकद आली की माणूस मजुरीवर बोलू शकतो, आणि आपल्याला त्याची तीच ताकद सलते आहे.

"मग यंत्र आणू," असं शेवटी म्हटलं जातं. आणावं. राज्य सरकारने २०२३ मध्ये ९०० तोडणी यंत्रांची योजना काढली, एका यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान. फळीवरून मोळ्या वाहण्याचं काम यंत्राने घेतलं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. पण एका यंत्रापाठी ३५ लाख उभे करता येतात, त्याच राज्यात मजुरांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपये काढायचे तर किती वर्षांची चर्चा लागली, हे विसरू नये. गोपीनाथ मुंडे गेले २०१४ ला. त्यांच्या नावाचं महामंडळ कागदावर आलं, मुलांच्या वसतिगृहांची योजना आली. त्या वसतिगृहांत जागा मिळालेल्या मुलांपेक्षा उसाच्या बांधावर बसलेली मुलं मला अजून जास्त दिसतात.

सहकारी कारखाना आपला आहे, असं आपण अभिमानाने म्हणतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास जे उभं केलं, ते सावकार आणि दलाल मधून काढण्यासाठीच होतं. तर मग मजूर आणि कारखाना यांच्यामध्ये दलाल कशासाठी हवा? दर सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होते. सभासद म्हणून आपल्याला तिथे बोलायचा हक्क आहे, आणि बहुतेक जण अहवालाची प्रत आणि साखरेची पिशवी घेऊन घरी येतात.

यंदाच्या सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे. तो असा: काट्यावरच्या प्रत्येक खेपेच्या वजनाची प्रत त्याच दिवशी टोळीला द्यावी. तोडणी करारात कोयत्यातल्या नवरा आणि बायको दोघांची नावं लिहावीत आणि मजुरी निम्मी-निम्मी दोघांच्या खात्यांवर पंधरा दिवसांनी जमा व्हावी. उचल द्यायची ती बँकेतून, पावतीवर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसाचा खाडा धरणाऱ्या मुकादमाचा करार रद्द करावा. ट्रॉलीच्या फळीला कठडा बसवावा आणि रात्रीच्या भराईला जादा दर द्यावा. ठरावाला सूचक म्हणून माझी सही आहे. नियमाप्रमाणे अनुमोदक लागतो, आणि गेला महिनाभर मी गावोगाव फिरून सभासदांना विचारतो आहे. दोघांनी होकार दिला होता, त्यातला एक परवा माघार घेऊन गेला. ज्यांना मजुरांच्या इमानाची एवढी काळजी आहे, त्यांनी सभेच्या आधी माझ्याकडे येऊन सही करावी.